आलोच

त्या इमारतीत वाईट वासाला 'आलोच' म्हणतात. अजूनही म्हणतात. पाचव्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये कुणाचं दूध विसरून नासलं, की 'फ्रिजला आलोच सुटलाय'. कुणी ओले मोजे टेबलाखाली वाळत घातले, की 'मोजे आलोच मारतायत'. कुबट वास वेगळा, आंबूस वेगळा. आलोच म्हणजे थोडा गोडसर, थोडा कुजका, नाकातून घशात उतरणारा आणि माणूस निघून गेल्यावरही मागे रेंगाळणारा. शब्द पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत वाद झाला होता, आणि पुल्लिंगी ठरला. ठरणारच होता, कारण तो शब्द मुळात एक माणूस होता.

तो त्या इमारतीचा लिफ्टमन. सात मजले, प्रत्येक मजल्यावर तीन-चार कचेऱ्या, आणि मधोमध जाळीच्या दरवाजाची जुनी लिफ्ट. आत एक स्टूल, एक पितळी दांडा आणि हा. घंटी बऱ्याच वर्षांपूर्वी बिघडली होती आणि ती दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ज्याला लिफ्ट हवी असेल त्याने जाळीला तोंड लावून "लिफ्ट" म्हणून हाक मारायची. खालून किंवा वरून, जिथे असेल तिथून, लिफ्टमन उत्तर द्यायचा, "आलोच." आवाज छान होता त्याचा, भरदार. कामावर त्याचं प्रेम होतं. शर्टाच्या कॉलरची कड रोज पांढरीशुभ्र असायची, बूट चकचकीत असायचे, आणि लिफ्ट मजल्याला अशी अलगद लावायचा की पायाखाली बोटभरही उंचसखल नसायचं.

लहानपणी एका तापात त्याचं नाक गेलं होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास येणं गेलं होतं. सकाळी उठला की नाकातून हिरवट-काळ्या खपल्या निघायच्या. 'आपलं नाक जरा कोरडं आहे,' एवढाच त्याने त्याचा अर्थ लावला होता. सगळ्यांचंच सकाळी असं होत असेल, असंही त्याला वाटे. असल्या गोष्टी कोण कुणाला विचारतो?

लग्नाला काही महिने झाले होते, तेव्हा बायकोने एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत, मान खाली घालून सांगितलं, "अहो, रागावू नका. तुमच्या तोंडाला वास येतो."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो लागला कामाला. मिठाने दात घासून हिरड्यांतून रक्त काढलं. कांदा सोडला, लसूण सोडला. दिवसातून चारदा गुळण्या, आणि दर खेपेला बायकोसमोर येऊन तोंड उघडायचं. "आता?"

"येतो थोडा."

"आता?"

ती मान फिरवायची. वास तोंडाचा नव्हताच, नाकाच्या आतला होता. पण हे दोघांपैकी कुणाला ठाऊक? त्याचं खाणं कमी झालं, गाल बसले, झोपेतही तो तोंडावर हात धरून झोपायला लागला. एका संध्याकाळी तो असाच समोर येऊन उभा राहिला, तोंड उघडून, दाखवायला आणलेल्या जनावरासारखा, आणि तिला ते बघवेना. ती म्हणाली, "गेला की हो. आता अजिबात नाही येत."

तो एवढा हरखला की त्याने तिला दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने हसला. तिने तोंड त्याच्या खांद्यामागे वळवलं. तरी ती हसत राहिली. त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. मुलगी झाल्यावर बायकोने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. "तुम्ही घोरता, पोर दचकते," म्हणाली. पोर मोठी झाली, तरी अंथरूण तिथेच राहिलं.

इकडे इमारतीत लोक जिने चढत होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळेच, चौथ्यापर्यंत बरेचसे. जे लिफ्टमध्ये शिरत ते शिरण्याआधी छातीभर श्वास घेत आणि वर पोचेपर्यंत सोडत नसत. पाणबुड्यासारखे गाल फुगवून उभे. त्याने काही विचारलं तर मान हलवत. त्याला वाटे, मोठ्या कचेरीतली माणसं, कमीच बोलणार.

"बाई, या ना, रिकामीच आहे लिफ्ट," तो म्हणायचा.

"नको, जरा चालते. गुडघे मोकळे होतात."

घरी येऊन तो बायकोला सांगे, "आमच्या बिल्डिंगमधली माणसं तब्येतीला फार जपतात हं. शिकलेल्या लोकांचं बघून घ्यावं."

तिसऱ्या मजल्यावर एका विमा कचेरीत एक कारकून होता. सगळे त्याला नकल्या म्हणत. साहेबांचं खोकणं, टायपिस्टबाईंचं फोनवर बोलणं, रखवालदाराची लंगडी चाल, सगळं तो हुबेहूब करायचा. एका दुपारी तो आणि टायपिस्टबाई लिफ्टची वाट पाहत उभे होते. बाईंच्या पायाला प्लास्टर होतं, नाहीतर त्या जिन्यानेच गेल्या असत्या. बाईंनी हाक मारली. खालून भरदार आवाज आला, "आलोच." लिफ्टचा पत्ता नव्हता, पण लिफ्टच्या पोकळीतून गरम हवेचा एक झोत वर आला आणि त्याच्याबरोबर तो वास.

नकल्याने नाक चिमटीत धरलं आणि लिफ्टमनच्याच आवाजात म्हणाला, "बघा, माणूस मागे राहिला, पण आलोच आला."

बाईंना हसू आवरेना. एका पायावर उभ्या होत्या, पडता पडता वाचल्या. लिफ्ट आली तेव्हाही त्या हसत होत्या, आणि हसल्यामुळे श्वास धरता येईना, म्हणून आणखी हसत होत्या. लिफ्टमनही त्यांच्याबरोबर हसला. कुणी हसलं की आपणही हसावं, अशी त्याची रीत होती.

आठवडाभरात शब्द सातही मजल्यांवर गेला. आधी तो फक्त लिफ्टमनच्या वासाला होता. मग लिफ्टच्या. मग तुंबलेल्या बेसिनला, जुन्या फायलींना, साहेबांच्या बुटांना. 'आलोचट' असं विशेषण झालं. नवीन लागलेल्या पोरी तो शब्द इतक्या सहज वापरायला लागल्या की तो कुठून आला हे त्यांना सांगावं लागे, आणि सांगणाऱ्याला सांगताना मोठी मजा येई. लिफ्टमनने ओ दिली की मजल्यामजल्यावर माना खाली जात आणि खांदे हलत.

शब्द त्याच्याही कानावर येत होताच. तोंडात बसलेला आपलाच शब्द माणसाला वेगळा ऐकू येत नाही. त्याला वाटलं, असेल कुठला तरी नव्या पिढीचा शब्द. आणि त्याला तो आवडला. नाक नसलेल्या माणसाला वासाबद्दल बोलायची हौस असते. आपणही चारचौघांसारखे आहोत हे दाखवायला तो एरवीही दुसऱ्याने नाक मुरडलं की मुरडायचा. आता तो कचऱ्याच्या डब्याजवळून जाताना म्हणायला लागला, "काय आलोच आहे." ऐकणारे एकमेकांना कोपर मारत.

घरी एकदा मोरीपाशी उभा राहून त्याने बायकोला विचारलं, "अगं, इथे आलोच येतोय का?"

"काय येतोय?"

"आलोच. घाण वास. आमच्याकडे सगळे म्हणतात."

बायको भांडी घासत होती. तिचा हात थांबला. वीस पावलांवर असला तरी हाकेला 'आलोच' म्हणणारा नवरा तिला माहीत होता, आणि तो वासही. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती म्हणाली, "नाही येत," आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

इमारतीच्या वाढदिवसाला गच्चीवर कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या, दिव्यांच्या माळा, भाड्याचा माईक. सगळ्यांनी घरच्यांना आणायचं होतं. लिफ्टमन बायकोला आणि मुलीला घेऊन आला. मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. अबोल, कुणाला घरी न आणणारी. त्या दोघी मागच्या रांगेत बसल्या. त्यांच्या आसपासच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण लिफ्टमन अधूनमधून येऊन तिथे टेकत होता.

माईक अर्थातच नकल्याच्या हातात होता. नकला झाल्या, गाणी झाली, आणि मग तो म्हणाला, "आता आपल्या बिल्डिंगचा शब्दकोश. आपल्याकडे एक शब्द आहे, तो बाहेर कुठे सापडायचा नाही. त्याचा अर्थ सांगायला मी आपल्या सगळ्यात जुन्या माणसाला बोलावतो."

आणि त्याने लिफ्टमनला पुढे बोलावलं.

लिफ्टमनला आयुष्यात कुणी माईक दिला नव्हता. त्याने घसा साफ केला, कॉलर नीट केली. नकल्याने विचारलं, "मामा, आलोच म्हणजे काय?"

"आलोच म्हणजे घाणेरडा वास," लिफ्टमन गंभीरपणे म्हणाला. गच्ची फुटली. तो थांबला, हसू ओसरू दिलं, नटासारखं, आणि पुढे म्हणाला, "साधा वास नाही. असा वास, की जवळ बसवत नाही."

"आणि मामा, तो येतो कुठून?"

"तो काय, कुठूनही येतो. आपलं लक्ष पाहिजे. स्वच्छता ठेवली तर नाही येत."

माणसं खुर्च्यांवरून घसरली. सातव्या मजल्याचे वकील डोळे पुसत होते. टायपिस्टबाईंनी रुमाल तोंडात कोंबला होता. लिफ्टमनने हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला आणि टाळ्यांतून परत आला, तेव्हा त्याचा चेहरा नवरदेवासारखा खुलला होता.

बसस्टॉपवर तो गप्प बसेना. "बघितलंस ना कसे हसले? नकल्याला एवढे हसले नाहीत. मी काही विशेष बोललोसुद्धा नाही. सांगायची पद्धत असते एकेकाची."

बायको रस्त्याकडे बघत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे."

"का गं? तुला आवडलं नाही?"

"तुम्हाला कुणी हाक मारली की तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणतो?"

"सांगा ना, काय म्हणता?"

"आलोच म्हणतो." तो हसत म्हणाला, आणि मग हसणं नुसतं ओठांवर राहिलं.

मुलगी थांबू शकली असती. पण लहानपणापासूनचं सगळं आता बाहेर पडायला बघत होतं. एकदा येऊन पुन्हा कधी न आलेल्या मैत्रिणी होत्या. पालकसभेत बाबांच्या शेजारची बाई उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "तो शब्द तुमच्यावरून आहे. तुमच्या अंगाला घाण वास येतो. कायमचा येतो. सगळ्यांना माहीत आहे. आईलाही माहीत आहे. म्हणून ती स्वयंपाकघरात झोपते."

त्याने बायकोकडे पाहिलं. "गेला म्हणाली होतीस ना?"

बायको बस येते का ते बघायला पुढे झाली. बस आली. तो मागच्या टोकाला, दरवाजापाशी एकटा उभा राहिला आणि तोंडावर हात धरून घरापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. कुणी "लिफ्ट" म्हणून हाक मारली की खालून काहीच उत्तर येईना. लिफ्ट मात्र गुपचूप येऊन उभी राही. लोकांना ते आवडलं नाही. "मामा, आवाज का बंद?" असं विचारत, आणि पुढे जाऊन हसत.

चौथ्या मजल्यावर नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. दवाखाना इमारतीइतकाच जुना. लिफ्टमन रोज सकाळी त्यांना वर सोडायचा आणि संध्याकाळी खाली आणायचा. एका दुपारी तो त्यांच्याकडे पैसे भरून, नंबर लावून गेला. डॉक्टरांनी कपाळावर आरसा चढवला, त्याच्या नाकात चिमटा घालून एक नजर टाकली आणि चिमटा ताटलीत ठेवला. सगळं मिळून एवढाही वेळ लागला नाही, जेवढा लिफ्टला चौथ्यावर यायला लागतो.

"नाकाचं आतलं अस्तर सुकून गेलं आहे," डॉक्टर म्हणाले. "आत खपल्या साठतात, त्या कुजतात. वास त्यांचा. रोग्याला स्वतःला कळत नाही, कारण वासाची नस आधीच मेलेली असते. एका परीने दयाच म्हणायची."

"औषध आहे का?"

"रोज दोनदा कोमट पाण्यात मीठ आणि सोडा घालून नाक धुवायचं. खपल्या निघाल्या की वास जातो. वर हे थेंब. जन्मभर करावं लागेल, पण सोपं आहे."

लिफ्टमन थेंबांच्या बाटलीकडे बघत राहिला. "डॉक्टर, तुम्हाला हे आज कळलं?"

"छे. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा कळलं. हा वास एकदा शिकला की विसरत नाही."

"मग बोलला नाहीत कधी."

डॉक्टरांना प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "तुम्ही पेशंट म्हणून आला नव्हतात ना," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या नंबरासाठी घंटी वाजवली.

त्याने नाक धुवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी जे निघालं ते बघून त्याला मोरीतच भोवळ आली. मग दर दिवशी कमी. महिनाभरात पाणी स्वच्छ येऊ लागलं. एका सकाळी चहा देताना बायको वाकली आणि दचकून तशीच थांबली. मग आणखी जवळ आली, त्याच्या तोंडाशी, आणि श्वास घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथे काहीच नव्हतं. नुसता चहाचा वास.

"गेला," ती म्हणाली. तिने पुन्हा एकदा हुंगलं. "अहो, खरंच गेला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे तू मागेही म्हणाली होतीस," तो म्हणाला आणि चहा न पिता उठला.

इमारतीत तर कुणाला काही कळलंच नाही. कळायला जवळ यावं लागतं. लोक लिफ्टमध्ये शिरण्याआधी श्वास घेत तसाच घेत राहिले. सवयीने, आणि आतून बाहेर आल्यावर सवयीनेच "हुश्श, काय आलोच" म्हणत राहिले. त्याच सुमारास काही कचेऱ्यांनी मिळून व्यवस्थापकाकडे तक्रार केली, की अशील आणि गिऱ्हाइकं येतात, त्यांच्यासमोर लाज वाटते. माणूस बदला किंवा बटणांची लिफ्ट बसवा.

व्यवस्थापकाने त्याला तळमजल्यावर बोलावलं. ऑफिसात जागा नव्हती, म्हणून जिन्यापाशीच बोलणं झालं. ये-जा करणारे रेंगाळले. नकल्याही होता.

"साहेब, माझा वास गेला," लिफ्टमन म्हणाला. "औषध केलं. चौथ्यावरच्या डॉक्टरांना विचारा."

"असेल, असेल. पण लोकांची तक्रार आहे."

"मग तुम्हीच बघा." तो एक पाऊल पुढे झाला. व्यवस्थापक एक पाऊल मागे सरकला. "साहेब, एकदा वास घ्या. एकदाच. इथे, तोंडाजवळ. असला तर मी आत्ता जातो."

"अहो, काय हे. लोक बघतायत."

"बघू देत. कुणीही या." तो वळला. जिन्यावरच्या माणसांसमोर त्याने मान वर केली, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. "या ना. कुणीतरी या."

कुणी हललं नाही. मग नकल्या पुढे आला. बाह्या सरसावल्या, सगळ्यांना डोळा मारला आणि लिफ्टमनच्या तोंडाशी नाक नेऊन मोठा, लांब श्वास घेतला.

क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं नाटक उतरलं. तिथे वास नव्हता. तो इतका जवळ होता की त्याला कळलंच होतं, आणि लिफ्टमनलाही त्याचे डोळे बघून कळलं. दोघं एकमेकांकडे बघत होते. मागे वीसेक माणसं श्वास धरून उभी होती, हसायला तयार.

नकल्याचे डोळे फिरले. त्याने छातीला हात लावला, गुडघे दुमडले आणि तो फरशीवर आडवा पडला. पडल्या पडल्या क्षीण आवाजात म्हणाला, "आलोच... आलोच..."

जिना हसण्याने दणाणला. व्यवस्थापकालाही हसू फुटलं. लिफ्टमनने तोंड मिटलं. या खेपेला तो त्यांच्याबरोबर हसला नाही. खुंटीवरची टोपी घेतली, नकल्याच्या अंगावरून पाय टाकला आणि रस्त्यावर गेला.

बटणांची लिफ्ट बसली. त्याला एका लाकडाच्या वखारीत रखवालीचं काम मिळालं. तिथे दिवसभर माणूस जवळ येत नसे, आणि ओंडक्यांना नाक नसतं. पण कामावरून सुटल्यावर तो सरळ घरी जात नसे. जिथे रांग दिसेल तिथे जाऊन उभा राही. बँकेत, तिकिटाच्या खिडकीपाशी, दवाखान्यात. काम काहीच नसे. पुढच्या माणसाच्या खांद्यामागे, जेमतेम वीतभर अंतरावर, उभं राहून तो हळूच श्वास सोडी आणि तो वळून बघतो का ते पाही. बरेच जण वळून बघत. एवढ्या जवळ उभं राहिलं तर कुणीही बघेल. त्याला मात्र एकच कारण माहीत होतं.

घरी मुलगी नोकरीला लागून दुसऱ्या गावी निघून गेली होती. बसस्टॉपवर बोलली त्याबद्दल तिने माफी मागितली नाही आणि त्याने मागायला लावली नाही. बायकोने एकदा आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. त्याने ते उचलून परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. "कशाला उगाच सोसतेस," म्हणाला.

आणि रोज संध्याकाळी, ताटं मांडायच्या आधी, तो तिच्यासमोर येऊन तोंड उघडायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी यायचा तसा.

"येतो का?"

"नाही हो येत."

"खरं सांग."

"मुलीची शपथ. नाही येत."

तो मान हलवायचा, विश्वास न ठेवता, आणि मोरीत जाऊन पुन्हा नाक धुवायचा. मीठ वाढवलं. सोडा वाढवला. मग नुसतं मीठ चोळायला लागला. पाण्यात रक्त यायला लागलं. ती ओरडली, रडली, एकदा मिठाची बरणी लपवली. तो दुकानातून दुसरी घेऊन आला. असं वर्षानुवर्षं चाललं. त्याच्या नाकाखालची कातडी सोलून लाल झाली होती आणि जेवताना ताटात थेंब पडत.

एका संध्याकाळी तिला ताप होता. स्वयंपाक कसाबसा झाला होता. तो आला, समोर उभा राहिला, तोंड उघडलं. "येतो का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या सोललेल्या नाकाकडे. तिच्याकडे आता 'नाही' म्हणायलाही बळ नव्हतं, आणि त्या शब्दात काही उरलंही नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "येतो."

"कितपत?"

"होता तसाच."

त्याने तोंड मिटलं. तिला वाटलं, आता हा कोसळणार. पण त्याचे खांदे सैल झाले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्याशी खरं बोललं होतं, असा त्याचा चेहरा झाला.

"वाटलंच मला," तो शांतपणे म्हणाला. "आधीच सांगितलं असतंस तर एवढा त्रास नसता झाला."

तो मोरीत गेला नाही. त्याने आपलं ताट उचललं, बाहेर गॅलरीत जाऊन बसला आणि पोटभर जेवला. त्या दिवसापासून त्याचं अंथरूणही गॅलरीतच पडायला लागलं. नाक तो हळूहळू दिवसातून दोनदाच धुवायला लागला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, आणि नाकाखालची कातडी भरून आली. रांगांत उभं राहणं थांबलं. बायकोला त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. ती स्वयंपाकघरात झोपायची, तो बाहेर. सकाळी ती गॅलरीच्या उंबऱ्यावर चहा ठेवायची आणि तो, तिला त्रास नको म्हणून, ती आत जाईपर्यंत तोंड भिंतीकडे करून पडून राहायचा.